थडगे कुणासाठी धुवायचे?

शिकलेली विद्या माणूस कशाकशामुळे विसरतो, याची एक यादी तालमूद या यहुदी धर्मग्रंथातल्या ‘होरायोत’ या प्रकरणाच्या शेवटाकडे येते. थडग्यावरचा मजकूर वाचल्यानेही विद्या विसरते, असे काहींचे मत तिथे नोंदवलेले आहे. मेलेल्यांच्या नावांपाशी फार रेंगाळू नये, जिवंतपणी करायचे काम सोडू नये, असा त्यामागचा रोख असावा. पुढच्या काळातल्या काही भाष्यकारांना हा इशारा फारच कडक वाटला. दोष उठावाच्या अक्षरांना लागतो, खोल कोरलेल्यांना नाही, अशी सवड त्यांनी काढून दिली.

सवड काढावी लागली, कारण थडगे वाचल्याशिवाय याच धर्मातले दुसरे एक कर्तव्य पार पडत नाही. बेने इस्राएल हा कोकणातला यहुदी समाज मृतासाठी ‘हश्काबा’ म्हणतो. त्या प्रार्थनेत मृताचे नुसते नाव घेऊन भागत नाही, अमुक तमुकचा मुलगा किंवा मुलगी असा उच्चार करावा लागतो. दरवर्षीचा स्मरणदिवसही हिब्रू तिथीने पाळायचा असतो. म्हणजे नाव, बापाचे नाव आणि तिथी एवढे तरी हाती हवे. ज्या घरात जुनी वही उरलेली नाही, त्या घरासाठी या तिन्ही गोष्टी पुष्कळदा एकाच ठिकाणी लिहिलेल्या सापडतात. ते ठिकाण म्हणजे गावाबाहेरच्या कबरस्तानातला एक दगड. त्याच्यावर शेवाळ चढलेले असते, दगडफुलाचे करडे चट्टे पसरलेले असतात आणि कधीकाळी कुणीतरी मायेने मारलेला चुनाही असतो.

मग तो दगड धुवायचा का? धुवायचा तर किती? वरवर पाहता हा ब्रश आणि बादलीचा प्रश्न आहे. पण ज्याच्या वतीने तो धुवायचा त्याला काही विचारता येत नाही, म्हणून त्याचे उत्तर ब्रशाच्या आधी शोधावे लागते.

बेने इस्राएलांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, त्यातली सात जोडपी वाचली आणि जे बुडाले त्यांना तिथेच पुरण्यात आले. नवगावला ती जागा आजही दाखवतात, तिथे स्मारकही उभे आहे. वाचलेल्यांचे वंशज तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ते शनवार तेली झाले. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर झाले. अलिबागला इस्राएल आळी आहे. तिथले मागेन अवोत सिनेगॉग १८४८चे, १९१०मध्ये पुन्हा बांधलेले. १९४८नंतर या समाजातली बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. भाषा सोबत गेली, ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही तिकडे निघाले. पूर्वजांचे दगड मात्र इथेच राहिले. आता नातवंडे-पतवंडे रेवदंड्याला, पेणला, पनवेलला येतात आणि गवत बाजूला सारून आजोबांचा आजा शोधतात.

या शोधामागे नुसता जिव्हाळा आहे असे नाही. १९६२मध्ये इस्राएलच्या प्रमुख धर्मपीठाने विवाहनोंदणी करणाऱ्या रब्बींना सूचना दिल्या, की बेने इस्राएल वधूवरांची आई, आजी आणि शक्य तितके मागचे मूळ तपासून पाहावे. या अपमानाविरुद्ध समाजाने जेरुसलेममध्ये आंदोलन केले. १९६४मध्ये इस्राएलच्या संसदेने बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदीच आहेत, असा ठराव केला. पूर्वजांचे नाव हे केवढे मोठे प्रकरण होऊ शकते, याचा अनुभव या समाजाच्या एका पिढीने घेतलेला आहे.

आता प्रत्यक्ष दगडाकडे वळू. कोकणातल्या आणि मुंबईतल्या अनेक बेने इस्राएल थडग्यांवर हिब्रू आणि मराठी शेजारीशेजारी असते, काहींवर इंग्रजीही. एकाच माणसाची दोन नावे दिसतात, कारण घरात शमुवेलचा सामाजी होई आणि यहेज्केलचा हसाजी. मुंबईचे पहिले सिनेगॉग १७९६मध्ये उभारणारे शमुवेल यहेज्केल दिवेकर आपल्या लोकांत सामाजी हसाजी म्हणूनच ओळखले जात. त्यामुळे दगडावरची मराठी ओळ वाचून थांबले तर अर्धाच माणूस हाती लागतो. हश्काबासाठी हिब्रू ओळ लागते, आणि खरी कसोटी तिथे असते.

हिब्रू अक्षरेच आकड्यांचे काम करतात. ताव म्हणजे ४००, रेश २००, सामेख ६०, हे ५. ही चार अक्षरे ओळीने आली की ६६५. थडग्यांवर हजाराचा आकडा बहुधा गाळतात, म्हणून यात १२४० मिळवायचे, की इसवी सन १९०५ मिळते. हिब्रू वर्ष शरद ऋतूत सुरू होते. मृत्यू वर्षाच्या पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांतला असेल तर १२३९ मिळवायचे. आता शेवटचे ‘हे’ जवळून पाहा. वर आडवी रेघ, उजवीकडे खाली उतरणारा पाय, डावीकडे दुसरा पाय. हा डावा पाय वरच्या रेघेला टेकत नाही, मध्ये बारीकशी फट राहते. ती फट बुजली की अक्षर ‘हेत’ होते आणि ५चे ८ होतात. १९०५ साली गेलेला माणूस १९०८पर्यंत जगतो. दालेत आणि रेश यांच्यात तर एका कोपऱ्याचाच फरक, आणि त्यांची किंमत ४ आणि २००. फट बुजवायला दगडफुलाचा तांदळाएवढा ठिपका पुरतो. कोपरा गोल करायला तारेच्या घासणीचे चार हात पुरतात.

बुजलेले एकदा मोकळे करता येते, पण झिजवलेले परत येत नाही. थडगे धुण्याचा सगळा विचार या दोन शक्यतांना धरून करावा लागतो.

संगमरवर दिसायला कणखर, पण तो मऊ दगड आहे. काठिण्याच्या १० अंशांच्या मोज मापनात तो ३वर बसतो, पोलाद त्याच्या बरेच वर. तारेची घासणी संगमरवरावरून फिरली की घाणीबरोबर दगडही निघतो, आणि मागे राहिलेले लोखंडाचे कण पुढच्या पावसाळ्यात गंजून तांबडे डाग सोडतात. आम्लाने संगमरवर विरघळतोच. मग ते संडास धुण्याचे ॲसिड असो, लिंबू असो, चिंच असो की व्हिनेगर. ॲसिड टाकल्यावर फेस येतो आणि दगड पांढराशुभ्र होतो, तो वरचा थरच उतरल्यामुळे. घरगुती ब्लीचने शेवाळ मरते, पण त्यातले क्षार दगडाच्या छिद्रांत शिरतात, वाळताना त्यांचे स्फटिक होतात आणि ते आतून पापुद्रे उचकटतात. हा परिणाम दिसायला काही वर्षे जातात, तोवर धुणारा आपल्या गावी परतलेला असतो. दाबाच्या पाण्याचा फवाराही तितकाच वाईट. अक्षरे उठून दिसावीत म्हणून पीठ, खडू किंवा दाढीचा फेस चोळण्याची चाल पुष्कळ देशांत आहे. पीठ बुरशीला खाद्य पुरवते, खडूने ओरखडे पडतात आणि फेसातली रसायने छिद्रांत राहून जातात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेचे जतन-तंत्रज्ञानाचे एक केंद्र लुइझियाना राज्यात आहे. सैनिकांच्या सरकारी दफनभूमींतल्या शिळा कशाने धुवाव्यात, याचा त्याने अनेक वर्षे प्रयोग करून अभ्यास केला. निष्कर्ष साधा होता. ब्लीच आणि आम्ल टाळा, सौम्य जंतुनाशक द्रावण वापरा, मऊ ब्रश घ्या, पाणी भरपूर वापरा आणि घाई करू नका.

कोकणात हेच कसे करायचे? आधी दगड नुसता पाहायचा. बोटाच्या पेराने हलकेच वाजवला आणि आवाज पोकळ आला, तर वरचा पापुद्रा सुटलेला आहे. बोट फिरवल्यावर साखरेसारखे कण हाताला लागले, तर संगमरवर आतून सैल झाला आहे. या दोन्ही परिस्थितींत ब्रश पिशवीतच ठेवायचा. दगड धड असेल तर तो साध्या पाण्याने पुरता भिजवायचा आणि भिजू द्यायचा. कोरडे दगडफूल कधीही खरवडू नये, कारण त्याचे तंतू दगडाच्या कणांमध्ये रुतलेले असतात आणि ते ओढले की कणही निघून येतात. ओले झाले की ते फुगते, मऊ पडते. मग बांबूची किंवा लाकडाची बोथट काडी घेऊन सपाट धरायची आणि ते सैल करायचे. मऊ नायलॉनच्या ब्रशने गोल गोल हात फिरवायचा. काथ्याचा ब्रश नको, तो राठ असतो. उभा दगड खालून वर धुवायचा, नाहीतर मळक्या पाण्याचे ओघळ खालच्या कोरड्या भागावर उमटतात. पाणी सतत सोडत राहायचे. कडक उन्हात हे काम करू नये. अलिबागकडे वर्षाला २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा पाऊस सरल्यावरची आश्विन-कार्तिकातली सकाळ त्यातल्या त्यात बरी. डाग राहिले तर राहू द्यायचे.

आणि धुण्याच्याही आधी करून पाहायची गोष्ट म्हणजे उजेड. कोकणातली बरीच थडगी आडवी, जमिनीलगत असतात. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात त्यांच्यावर काहीही दिसत नाही. तोच दगड सकाळी ऊन तिरपे असताना पाहिला की प्रत्येक अक्षराच्या एका कडेला सावली धरते. उभ्या दगडावर आरशाने ऊन तिरपे पाडता येते, अंधार पडल्यावर बाजूने विजेरी धरता येते. दगड पाण्याने भिजवून वाळू दिला तर सपाट भाग आधी सुकतो, कोरीव खाचा ओल्या राहतात आणि काही मिनिटे मजकूर गडद होऊन उठतो. वेगवेगळ्या दिशांनी उजेड टाकून काढलेल्या छायाचित्रांची संगणकावर सांगड घालण्याचे तंत्र टॉम माल्झबेंडर यांनी २००१मध्ये मांडले. पुसट कोरीवकाम वाचायला ते आज जगभर वापरतात. यातल्या कशातही दगडाचा कण हलत नाही. पुष्कळ थडगी एवढ्यावरच वाचता येतात, आणि मग ब्रश कशासाठी उचलायचा, हा प्रश्न टोकदार होतो.

मृताची सेवा हे खरे निखळ पुण्य, असे यहुदी परंपरा मानते. ‘हेसेद शेल एमेत’ हे तिचे नाव. जिवंत माणसाला मदत करताना परतफेडीची आशा मनात कुठेतरी असू शकते, मेलेला माणूस काही परत देऊ शकत नाही. म्हणून प्रेताला स्नान घालणे, कफन शिवणे, खड्डा खणणे ही कामे सर्वांत निरपेक्ष ठरली. या कसोटीला थडगे धुण्याचे काम लावून पाहावे. नाव वाचता यावे, प्रार्थनेत ते नीट उच्चारता यावे, एवढ्यासाठी धुतले तर ते मृताचे काम झाले. पण दगड लख्ख पांढरा दिसावा, घरच्यांना छायाचित्र पाठवता यावे, आपण आलो त्याची खूण राहावी, म्हणून धुतले तर परतफेड आपणच आपल्याला करून घेतली. गंमत अशी की दगडाला इजा या दुसऱ्या हेतूनेच होते. वाचण्यापुरते धुणारा अक्षर कळले की थांबतो. चमकवण्यासाठी धुणाऱ्याला थांबण्याची जागाच सापडत नाही. हे काम करणाऱ्यांचे प्रेम खरे असते, अनेकदा समुद्र ओलांडून आलेले असते, म्हणून तर हे स्पष्ट सांगायला हवे.

याला एक जुना आधारही आहे. थडग्याचा आपल्यासाठी उपयोग करून घेऊ नये, असे यहुदी धर्मशास्त्र सांगते. दगडावर बसण्यालाही अनेकांचा विरोध आहे. दगडाला रेलून, त्यावर गुडघा रोवून घासू नका, असे जतनतज्ज्ञ सांगतात ते वेगळ्या कारणाने, पण हात शेवटी एकाच ठिकाणी आवरला जातो.

चुन्याची गोष्ट मात्र अवघड आहे. मिश्ना ही यहुदी धर्मनियमांची जुनी संहिता सांगते की अदार महिन्याच्या १५ तारखेला, म्हणजे तिकडचा हिवाळी पाऊस संपत आला की, कबरींवर चुन्याची खूण नव्याने करावी, म्हणजे याजककुळातले लोक नकळत त्यावरून जाऊन विटाळणार नाहीत. पावसानंतर कबरीची निगा ही इतकी जुनी रीत आहे. आपल्याकडेही कबरीला चुना मारतात. पण ती खूण जागेसाठी होती. कोरीव अक्षरांवरून दरवर्षी चुना फिरला की थरावर थर चढतात आणि काही वर्षांत मजकूर भरून जातो. तो काढण्यासाठी ॲसिडचा मोह होतो, आणि दगड संगमरवरी असेल तर चुना आणि दगड एकदमच विरघळतात, दोन्ही रसायनदृष्ट्या एकच. असा थर जाणकारावरच सोपवावा. ऑइल पेंटचेही तेच. हिब्रू न येणारा रंगारी काळ्या रंगाने अक्षरे भरायला बसला की ‘हे’ची फट त्याच्या ब्रशाखाली सहज मिटते.

मग पुसट अक्षर पुन्हा कोरावे का? स्कॉटलंडमध्ये रॉबर्ट पॅटर्सन नावाचा एक पाथरवट होऊन गेला, १८०१मध्ये वारला. धर्मासाठी मारल्या गेलेल्या कव्हेनंटर पंथीयांची थडगी गावोगाव शोधून, शेवाळ काढून, छिन्नीने अक्षरे पुन्हा खोल करण्यात त्याने कित्येक वर्षे घालवली, बायकामुले मागे ठेवून. वॉल्टर स्कॉटने १८१६च्या कादंबरीला त्याचेच टोपणनाव दिले. त्याची तळमळ मन हलवते. पण त्याच्या छिन्नीनंतर त्या दगडांवर मूळ पाथरवटाचा हात किती उरला, हे आता सांगता येत नाही, आणि त्याने एखादे अक्षर चुकीचे वाचले असेल तर ती चूक आता मूळ मजकूर म्हणून उभी आहे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग अक्षरे झिजली की पुन्हा कोरतो किंवा शिळाच बदलतो. पुण्यात खडकीचे युद्धस्मशान त्याच्याच देखरेखीखाली आहे. आयोगाला हे शोभते, कारण त्याच्याकडे नावांची स्वतंत्र नोंद आहे. रेवदंड्याच्या एखाद्या थडग्यापाशी दगड हीच एकमेव नोंद असते. तिथे छिन्नी लावणे म्हणजे एकुलत्या साक्षीदाराच्या तोंडी आपले शब्द घालणे. नवी पाटी हवी असेल तर ती शेजारी बसवावी, आणि तिच्यावर ती बसवल्याचे सालही घालावे.

आता हिंदू शेजाऱ्याला यातले काय वाटेल? त्याने पूर्वजाचे नाव दगडावर घातलेलेच नसते. श्राद्धात बाप, आजा, पणजा अशी तीन नावे घेतली जातात, वसू, रुद्र आणि आदित्य या रूपांत. चौथी पिढी नावाच्या पलीकडे जाते. कुणाला मागची नावे हवी असतील तर त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत ती सापडतात. नाव सुटू देणे हाही मृताचा मान राखण्याचा एक मार्ग आहे, आणि यहुदी परंपरेला तो अपरिचित नाही. रब्बान शिमोन बेन गमलिएल यांचे मत असे होते की सज्जनांना स्मारके लागत नाहीत, त्यांची वचनेच त्यांचे स्मरण ठेवतात. तरीही राहेलच्या कबरीवर याकोबाने दगड उभा केला, ती रीत चालू राहिली. नव्या वर्षाआधीच्या एलुल महिन्यात अनेक ठिकाणचे यहुदी कबरस्तानात जातात. दोन्ही पंचांगे चांद्र असल्याने एलुलचा शेवटचा पंधरवडा बहुतेक वर्षी आपल्या पितृपक्षावर येतो. कोकणातल्या एकाच गावात एका घरी पान वाढले जात असते आणि दुसऱ्या घरचे लोक कबरीकडे निघालेले असतात.

त्याच टापूत, अलिबाग-रेवदंडा रस्त्यालगत, आक्षीचा शिलालेख आहे. शं. गो. तुळपुळे यांनी त्यावरचे साल शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, असे वाचले आणि तो सर्वांत जुना मराठी कोरीव लेख म्हणून मांडला. साल वाचण्यावर पुढे मतभेद झाले. हा दगडही वर्षानुवर्षे रस्त्याकडेला ऊनपाऊस खात पडून होता. लेखाच्या अभ्यासकांची एक शिस्त अशा वेळी थडग्यापाशीही उपयोगी पडते. जे अक्षर नक्की वाचता येत नाही ते कंसात घालतात, जे फुटले आहे त्याची जागा रिकामी दाखवतात, अंदाज मजकुरात मिसळत नाहीत. घरच्या माणसाला हे जड जाते, आजोबांचे साल कंसात ठेवायला मन धजत नाही. पण साल सोडवायला दगडच मदत करतो. बहुतेक हिब्रू थडग्यांच्या शेवटी मृताच्या आत्म्याचे शुभ चिंतणारी पाच अक्षरांची एक ठरलेली जुळणी असते: ताव, नून, त्सादे, बेत, हे. तिचे शेवटचे अक्षर ‘हे’ आहे, याबद्दल शंका नसते. त्या पाथरवटाने तिथे ‘हे’ कसे कोरले, फट केवढी सोडली, ते पाहायचे आणि सालातल्या संशयित अक्षराशी ताडून घ्यायचे. एकही थेंब पाणी न घालता कितीतरी साले अशी सुटू शकतात.

एक काम उरते. ज्याला पुरायला कुणीच नाही, त्याला पुरण्याची जबाबदारी समोर येईल त्या माणसावर पडते. इतर वेळी प्रेताला शिवायची मनाई असलेला महायाजकसुद्धा त्यातून सुटत नाही, असे तालमूद सांगते. कोकणातल्या कबरस्तानांत असे कितीतरी दगड आहेत, ज्यांच्याकडे आता कुणी येत नाही. आपल्या पणजोबांच्या थडग्यापाशी सकाळच्या तिरप्या उन्हात जो उभा आहे, त्याच्या हातात फोन आहे आणि ऊन चढायला अजून अर्धा तास आहे. तेवढ्यात शेजारच्या दगडांची छायाचित्रे निघतात. रांग कोणती, दगड कितवा, कोणते अक्षर नक्की आणि कोणते कंसात, हे लिहून त्याची एक प्रत गावच्या सिनेगॉगमध्ये ठेवता येते. शेवटी फाटकापाशी हात धुवायचे, ही रीत आहेच.